सगळ्या नवरीच्या आया

"मिशी जरा वर वळव," सोमारी म्हणाली. "नवरीचा बाप आहे मी, मांजर नव्हे."

"तोंड हलवू नकोस, मग वळते," चैते आत्या म्हणाली. तिनं मडक्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि सोमारीच्या ओठावरून दोन्हीकडे गालापर्यंत ओढली. सोमारी आमच्या शेजारची, माझ्याहून थोडी मोठी, दोन लेकरांची आई. तिनं माझ्या बापाचा सदरा घातला होता, डोक्याला त्याचंच पागोटं बांधलं होतं, आणि हसू दाबून दाबून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझी आई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती.

"खऱ्यापेक्षा हा बरा दिसतो," आई म्हणाली. "ह्यालाच ठेवून घेते."

खरा बाप अंगणातल्या खाटेवर मान खाली घालून बसला होता.

मी नवरी होते. अंगाला हळद, नवं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. नवरीनं शहाण्यासारखं गप्प बसावं, असं मला पहाटेपासून सगळ्यांनी बजावलं होतं. ते मला काही केल्या जमत नव्हतं.

हे गडचिरोलीच्या पार पूर्वेकडच्या जंगलातलं, आमच्या वेंगाटोल्यातलं. आता माझ्या लेकीचंही लग्न झालंय, त्यावरून किती जुनं ते समजा. आम्ही माडिया. आमच्यात नवरा वरात घेऊन येत नाही. नवरीच्या गावचे लोक नवरीला घेऊन नवऱ्याच्या गावी जातात आणि लग्न तिथं लागतं. माझं लग्न नदीपलीकडच्या कुरमेट्यातल्या इरपाशी ठरलं होतं. आश्रमशाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता. लाजाळू इतका, की माझ्याशी बोलायचं असलं तर आधी झाडाशी बोलायचा.

लग्न ठरलं तेव्हा सगळं सोपं होतं. मग दोन गावांत बिघडलं. जंगलात बंदुका घेऊन राहणाऱ्यांना आम्ही आतले म्हणायचो. एका उन्हाळ्यात आतल्यांनी चैते आत्याच्या नवऱ्याला, कोपाला, घरातून नेलं आणि पोलिसांचा खबऱ्या म्हणून मारून टाकलं. तो खबऱ्या नव्हता. त्याचं नाव कुरमेट्यातल्या कुणीतरी दिलं, असं आमच्या गावात बोललं जाऊ लागलं. पाऊस सरला तसं पोलिसांनी कुरमेट्यातल्या बिज्जेबाईच्या मुलाला, मंगरूला, आतल्यांचा माणूस म्हणून धरून नेलं. तोही आतल्यांचा नव्हता. शेळ्या राखायचा. त्याचं नाव वेंगाटोल्यातल्या कुणीतरी दिलं, असं कुरमेट्यात बोललं जाऊ लागलं.

त्यानंतर कुणी नदी ओलांडेना. नदीच्या मधोमध वाळूवर दोन्ही गावांचा बाजार भरायचा, तोही मोडला. जो पुरुष पलीकडे जाईल त्याला आतले विचारणार, पोलिसांच्या कॅम्पातून तुला कुणी पाठवलं. आणि तो परत आला की कॅम्पातले विचारणार, आतल्यांना काय सांगून आलास. दोन्हीकडे उत्तर एकच असायचं, आणि दोन्हीकडे ते खोटं ठरायचं.

माझं लग्न असंच लोंबकळत राहिलं. शेवटी मोहफुलं वेचून झाल्यावर गावचे पुरुष आमच्या अंगणात बसले. नवरीला कोण घेऊन जाणार, हा प्रश्न. एकाचा पाय दुखत होता. एकाच्या बैलाला बरं नव्हतं. पाटलांना स्वप्न पडलं होतं. माझा बाप म्हणाला, "मी जाईन. पण मी परत आलो नाही तर ही दोन लहान लेकरं कुणाकडे?" भित्रा कुणीच नव्हता. प्रत्येकानं कोपाची तिरडी उचलली होती, एवढंच.

चैते आत्या कोपऱ्यात मोह निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आम्ही जातो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"बायका. पाटील मी होते. बाप सोमारी होईल. ढोल जैनी वाजवेल, तिचा नवरा वाजवतो त्यापेक्षा बरा वाजवते, सगळ्यांना माहीत आहे."

पुरुष आधी हसले. मग हसायचे थांबले, कारण बायका हसत नव्हत्या. माझी आई म्हणाली, "मला चालेल." पाटील म्हणाले, "असं कधी झालं नाही." आत्या म्हणाली, "लग्न दोन उन्हाळे अडकून पडतं, असंही कधी झालं नव्हतं."

तर अशी ती वरात निघाली. पुढे ढोल, मागे आत्या पाटलाच्या ऐटीत काठी टेकत, मग मिशीवाली सोमारी माझ्या आईचा हात धरून, आणि मध्ये मी. मागे गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका, डोक्यावर तांदूळ, मोहाची दारू, आंबील, आणि एका टोपलीत नवऱ्याच्या देवाला द्यायची काळी कोंबडी. गावाबाहेर पडताच जे गाणं सुरू झालं ते ऐकून माझे कान गरम झाले. नवऱ्याच्या नाकावरून सुरू झालेलं ते गाणं हळूहळू खाली उतरत गेलं. पुरुष बरोबर असते तर त्यातली अर्धी कडवी कुणी म्हटली नसती.

नदीच्या अलीकडे पोलिसांचा कॅम्प होता. तिथल्या नाक्यावर सगळ्यांना थांबावं लागे. वाळूच्या पोत्यांमागून एक जवान उठला. तो आमच्याच जिल्ह्यातला, पण खालच्या भागातला.

"काहून वो माय, कुठं चालल्या इतक्या जणी?"

"लग्नाला," आत्या म्हणाली. तिला मराठी बऱ्यापैकी यायचं.

"माणसं कुठं आहेत?"

"हा काय नवरीचा बाप." आत्यानं सोमारीला पुढे ढकललं. सोमारीनं मिशीवरून हात फिरवला. घामानं भिजलेली काजळी हाताबरोबर कानापर्यंत गेली. जवान तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं आत वळून साहेबांना हाक मारली.

साहेब तरुण होते, पश्चिमेकडचे, नवीनच आलेले. त्यांच्याबरोबर एक पोलीस बाईही बाहेर आली. साहेब खुर्चीवर बसले, कागद मांडीवर घेतला.

"प्रत्येकीनं पुढं येऊन नाव सांगायचं."

माझी आई पुढे झाली. ती त्या माणसाकडे, त्याच्या पेनाकडे बघत राहिली. नाव या शब्दानं आमच्या गावात काय झालं होतं ते साहेबांना ठाऊक नसावं. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग ती म्हणाली, "नवरीची आई."

साहेबांनी लिहिलं. "पुढची."

पुढे जैनी होती. तिनं आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "नवरीची आई," ती म्हणाली.

"अहो, आई त्या आहेत ना?"

"मी पण."

तिसरी म्हणाली, नवरीची आई. चौथी म्हणाली, नवरीची आई. एक म्हातारी होती, तिला मराठी अजिबात येत नव्हतं. तिनं एवढे दोन शब्द तिथंच उभ्या उभ्या पाठ केले आणि साहेबांच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटले.

"एका नवरीला किती आया असतात?" साहेबांनी विचारलं.

"गावात बायका असतील तेवढ्या," आत्या म्हणाली.

"आणि हा बाप? ह्याचं नाव?"

सोमारी आवाज जाड करून म्हणाली, "नवरीची आई."

साहेबांनी ओठ आवळले. पोलीस बाईनं तोंड फिरवून पोत्यांकडे केलं, पण तिची पाठ हलताना आम्हाला दिसत होती. शेवटी मी पुढे झाले. हसू आवरून आवरून माझ्या पोटात दुखत होतं, भीतीही होती, आणि डोक्यात तेवढेच दोन शब्द फिरत होते.

"तुझं नाव काय?"

"नवरीची आई," मी म्हणाले.

त्यानंतर काय झालं ते धड सांगता येणार नाही. आई रस्त्यात बसली. जैनी ढोलावर पडली. आणि कुणाचा तरी धक्का लागून टोपली उलटली. काळी कोंबडी बाहेर पडली आणि नाक्यावरच्या आडव्या लाकडाखालून सरळ कॅम्पात घुसली.

"कोंबडी देवाची आहे," आत्या ओरडली. "ती गेली तर लग्न लागणार नाही."

बायकांना आत जायची परवानगी नव्हती. मग जवान धावले. पहिल्यानं बंदूक गळ्यात अडकवूनच धाव घेतली, पण ती पायात येऊ लागली तशी त्यानं ती पोत्यांना टेकवून ठेवली. दुसऱ्यानंही ठेवली. कोंबडी तंबूत गेली, तंबूतून स्वयंपाकघरात, तिथून छपरावर. आम्ही बाहेरून सांगत होतो, डावीकडून जा, पंख धर, शेपूट नको. एक जाडसर हवालदार कोंबडीवर झेपावला आणि तिच्याऐवजी पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसला. शेवटी तिला पकडलं ते पोलीस बाईनं. पदर नव्हता तर टोपीच तिच्यावर टाकली. खाली बसून तिनं कोंबडीचे पाय अशा सफाईनं बांधले, की आत्यानं विचारलं, "तुमच्या घरी आहेत का कोंबड्या?"

"होत्या," बाई म्हणाली. "आईकडं." तिनं कोंबडी माझ्या आईच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं. "सुखी राहा," असं हळूच म्हणाली.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "परत कधी येणार?"

"लग्नाची वरात," आत्या म्हणाली. "तुमच्याकडं सांगितलेल्या वेळेला परत येते का?"

"नाही," साहेब म्हणाले. आणि लाकूड वर झालं.

नदीत गुडघाभरच पाणी होतं. पाण्यातून जाताना एक जण हसायला लागली की दुसरी घसरायची. मधल्या वाळूवर, जिथं पूर्वी बाजार भरायचा तिथं, थोडं थांबलो, लुगडी पिळली, सोमारीची मिशी पुन्हा काढली. पलीकडच्या काठावर चढलो तसं मात्र गाणं आपोआप हळू झालं. तिकडे साग दाट होता आणि पायवाटेवर दोन वर्षांत गवत आलं होतं.

वळणावर ते तिघं उभे होते. दोन पुरुष आणि एक मुलगी, तिघांच्या अंगावर हिरवे कपडे. आतले.

"पुरुष कुठं आहेत?" त्यांच्यातला मोठा म्हणाला. तो आमच्याच भाषेत बोलत होता.

"घरी. भात शिजवतायत," आत्या म्हणाली.

"कॅम्पात बराच वेळ होतात. काय चाललं होतं?"

"कोंबडी पकडत होतो."

"काय विचारलं त्यांनी?"

"नावं."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पण आम्ही सगळ्या एकदमच म्हणालो, त्या म्हातारीसकट, "नवरीची आई."

मुलीच्या गालावर काहीतरी हललं. माझ्याच वयाची होती. तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि बंदुकीचा पट्टा उगाच सारखा केला. माझी आई तिच्याकडे बघत होती. आईनं टोपलीतून गुळाचा खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. मुलीनं मोठ्याकडे न बघता तो तोंडात टाकला.

"जा," मोठा म्हणाला. "पण गाणी नकोत. गपचूप जा."

आत्या जागची हलली नाही. तिच्या नवऱ्याला नेणारे हेच की दुसरे, आम्हाला माहीत नव्हतं. तिला माहीत असावं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, डोक्याला पाटलाचं पागोटं, हातात काठी.

"गाणं नाही, बोलणं नाही, तर ती मयत झाली," ती म्हणाली. "मयत आम्ही नेली आहे एकदा. आज वरात आहे."

वाजू नयेत म्हणून मी गळ्यातल्या माळा मुठीत धरल्या. तो माणूस बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग वाटेतून बाजूला झाला. काही पावलं आम्ही तशाच मुक्यानं गेलो. मग आईनं गाणं उचललं. नवऱ्याच्या नाकावरचंच. तिचा आवाज फाटत होता, पण तिनं ते सोडलं नाही, आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्या जणी त्यात होत्या. मागून कुणीतरी खुदकन हसलेलं मला ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही.

कुरमेट्याच्या वेशीवर तिथल्या बायकांनी वाट अडवली होती. ही आमच्यातली रीत. नवरीला असंच कुणी गावात घेत नाही. आधी दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोचतात, जी बाजू दमेल ती हरते. पुरुष मागे झाडांखाली उभे होते. त्यांच्यात इरपा होता, अंगाला हळद, आणि मान इतकी खाली की मला फक्त पागोटं दिसत होतं.

कुरमेट्याच्या बायकांनी सुरुवात केली. तुमची नवरी इतकी खाते, की वाटेतलं जंगल संपलं. आमच्याकडून उत्तर गेलं. तुमचा नवरा इतका वाळका, की आम्ही त्याला खुंटी समजून लुगडं वाळत घातलं. मग त्यांची नजर सोमारीवर पडली. नवरीच्या बापाचं दूध प्यायला घरी लेकरं रडतायत म्हणे, असं त्यांनी गायलं, आणि ते खरंच होतं, सोमारीचं धाकटं अंगावर पीत होतं. सोमारी इतकी हसली की मिशी सगळ्या चेहऱ्यावर पसरली. दोन वर्षांत एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायका वेशीवर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

मग त्यांच्यातून बिज्जेबाई पुढे आली. उंच, हडकुळी. मुलगा तुरुंगात गेल्यापासून ती कुठल्या लग्नाला गेली नव्हती, असं इरपानं मला नंतर सांगितलं. ती गायली नाही. नुसती म्हणाली,

"वेंगाटोल्याच्या जिभा लांब. तिथून हललेली जीभ पार तुरुंगापर्यंत पोचते."

ढोल थांबला. हसणाऱ्या बायकांचे हात एकमेकींच्या खांद्यांवरून खाली आले. आमच्यातली एक जण रागानं पुढे सरकली, आईनं तिला धरलं. मागे झाडांखालचे पुरुष सरळ उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता आम्ही अशाच परत फिरणार, आणि नवरी परत गेलेल्या गावाशी पुढं कधीच कुणी बोलणार नाही.

आत्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं. काठी खाली ठेवली. ती बिज्जेबाईच्या समोर गेली.

"बिज्जे, माझ्या कोपाचं नाव कुणी दिलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

कुरमेट्याच्या बायका एकमेकींकडेही बघेनात. मी झाडांखाली पाहिलं. सगळे पुरुष जमिनीकडे बघत होते, माझा होणारा सासराही. माझ्या मनात आलं, ह्याच्यातलाच कुणी असला तर. इरपाच्या घरातलाच असला तर.

"पहिल्यापासून माहीत आहे," आत्या म्हणाली. "ते नाव मी कॅम्पात सांगितलं असतं तर त्यांनी गाडी पाठवली असती. नाही सांगितलं. माझ्या भावालाही नाही. आज हे नाव घेऊन मी तुमच्या गावात आले आहे आणि ते तसंच घेऊन परत जाणार आहे. इथं जेवणार, नाचणार, आणि जाणार."

बिज्जेबाई तिच्याकडे बघत होती. तिचे हात लुगड्याच्या काठाशी चाळा करत होते.

"मलाही माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "माझ्या मंगरूचं नाव तुमच्यातल्या कुणी दिलं ते."

"मग?"

"मग काय. मीही नाही सांगितलं." ती थांबली. "आपण दोघी असंच गिळत राहिलो, तर पोट फुगून मरायच्या."

आत्या हसली. ते हसू मला अजून दिसतं, आधी नाकातून फुस्स आवाज, मग खांदे. बिज्जेबाईनं ते थांबवायचा प्रयत्न केला, तोंडावर हात धरला, आणि मग तीही गेली. दोघी एकमेकींचे दंड धरून हसत होत्या आणि दोघींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हळूहळू बाकीच्याही सुरू झाल्या, कशाला हसतोय ते न कळता.

हसून झाल्यावर आत्या म्हणाली, "आता बायकांनो, एवढंच करा. आजपासून कुणी कुणाचं नाव कुणाला द्यायचं नाही. कॅम्पात नाही, आतल्यांना नाही. पाण्यावरच्या भांडणात नाही, नवऱ्याशी अंथरुणात नाही. कुणी विचारलं तर सांगा, नवरीची आई."

"म्हणजे?" बिज्जेबाईनं विचारलं.

मग नाक्यावरची गोष्ट सांगावी लागली, कोंबडीसकट. सोमारीनं साहेबाचा अभिनय करून दाखवला. ती गोष्ट संपेपर्यंत वेशीवर कुणी कुणाला अडवलेलं उरलं नव्हतं. आम्ही गावात कधी शिरलो तेच कळलं नाही.

लग्न लागलं. इरपानं मान वर केली आणि माझ्याशी पहिलं बोलला ते असं: "येताना माझ्या नाकाबद्दल काय गात होत्या?" मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुरमेट्याच्या बायका आमच्या बायकांना पोचवायला नदीपर्यंत निघाल्या. मीही गेले, नवी नवरी असून. मधल्या वाळूवर पोचल्यावर कुणालाच निघावंसं वाटेना. उरलेला तांदूळ होता, काठावर लाकडं होती. बिज्जेबाईनं तीन दगड मांडले आणि भात चढवला.

पलीकडच्या काठावर आमच्या गावचे पुरुष उभे होते. आदल्या दुपारपासून ते तिथं येऊन बसले होते, असं नंतर कळलं. अलीकडच्या काठावर हळूहळू कुरमेट्याचे पुरुष जमले. दोन काठांवर दोन गावं, मध्ये वाळूवर बायका, आणि भाताची वाफ. कुणी खाली उतरेना.

"या की," आत्या दोन्हीकडे बघून म्हणाली. "भात थोडाच आहे. येईल त्याला मिळेल."

मग माझ्या बापानं धोतर वर खोचलं. त्याचा पाय पाण्यात पडला तेव्हा तो थांबला, मागं कॅम्पाच्या दिशेनं पाहिलं, पुढं सागाकडे पाहिलं. मग एकेक पाऊल टाकत तो आला. पाणी गुडघाभर होतं, पण तो कमरेएवढ्यातून चालल्यासारखा चालत होता. तो वाळूवर चढला, माझ्यासमोर आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आत्याकडे वळून म्हणाला,

"उशीर झाला का मला?"

"झाला," आत्या म्हणाली. "बस, जेव."

त्याच्यामागून दोन्ही काठांवरून बाकीचे उतरले.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. कॅम्प राहिला, आतलेही राहिले, जंगलातून आवाज यायचे आणि आम्ही चूल विझवून बसायचो. मंगरूला सुटून यायला वर्षं लागली. पण वाळूवर बाजार पुन्हा भरू लागला, आणि आमच्या दोन गावांतून नाव दिलं गेलं म्हणून कुणाला नेलं, असं त्यानंतर झालं नाही. कॅम्पातले आणि आतले, दोन्हीकडचे येऊन विचारायचे. बायका म्हणायच्या, आम्हाला काय माहीत, आम्ही नवरीच्या आया.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आत्या कुरमेट्याला येऊन राहिली. एका दुपारी ती लेकीच्या अंगाला तेल चोळत होती. इतके दिवस मनात अडकलेलं मी विचारलं.

"आत्या, त्या दिवशी वेशीवर म्हणालीस ते नाव. ते ह्या घरातलं आहे का? मला फक्त एवढंच सांग."

आत्या तेल चोळत राहिली. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "मला कुणाचंच नाव माहीत नव्हतं गं."

"काय?"

"नव्हतं माहीत. आजही नाही. पण माहीत नाही म्हटलं असतं तर दोन्ही गावं शोधतच राहिली असती. रोज एक नवं नाव निघालं असतं. माहीत आहे म्हटल्यावर शोधणं संपलं. आणि ज्यानं खरंच दिलं असेल त्याला कळलं, की हिला माहीत आहे आणि तरी ही आपल्या गावात जेवायला बसली. त्याला तेवढं पुरे."

"पण बिज्जेबाईला तर खरंच माहीत होतं. ती म्हणाली ना."

"तिला असेल," आत्या म्हणाली. "म्हणून तर मला भीती वाटली होती. तिचं खरं, माझं खोटं. तिच्या डोळ्याला डोळा द्यायला नको वाटत होतं."

हे माझ्या पोटात किती वेळ राहणार. संध्याकाळी बिज्जेबाई बाळाला बघायला आली. आत्या मागे पाणी तापवत होती. मी बिज्जेबाईला सगळं सांगून टाकलं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, चुकलं आपलं, आता ही उठून जाणार.

"चैतेला माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

बिज्जेबाईचा हात तोंडावर गेला. "अगं, मला तरी कुठं माहीत होतं," ती म्हणाली. "ती एवढी सगळ्यांसमोर म्हणाली, मी काय मागं राहू?"

तिनं आत्याला हाक मारली. आत्या ओल्या हातांनी आत आली, बिज्जेबाईनं तिला कानात सांगितलं, आणि आत्या होती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. हसण्याचा आवाजही येत नव्हता, नुसतं अंग हलत होतं. बिज्जेबाई तिच्या मांडीवर आडवी झाली. बाळ जागं होऊन रडू लागलं, पण त्याला घ्यायला आमच्यातल्या एकीलाही उठवेना.

आवाज ऐकून इरपा दारात आला. "काय झालं?" त्यानं विचारलं.

आता त्या दोघी हयात नाहीत, म्हणून मी हे सांगितलं. त्या दिवशी त्याला आम्ही कुणी काही सांगितलं नाही. बाळ उचलून त्याच्या हातात दिलं आणि पुन्हा हसायला लागलो.